'ब्रेन-बेस्ड' पॅनेल आणि अ‍ॅप: वर्गात खरंच उपयोग होतो का?

विज्ञानाची_तासिका

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी सातवी ते नववीला विज्ञान शिकवते. आमच्या शाळेत वर्गावर्गात टच पॅनेल आणि मुलांना टॅबवर एक अ‍ॅप द्यायचं घाटतंय, आणि परवा त्या कंपनीची माणसं डेमो द्यायला आली होती. डेमो भारीच होता, खोटं कशाला बोलू. पहिल्याच स्लाइडवर मेंदूचं रंगीबेरंगी चित्र, मग डावा मेंदू उजवा मेंदू, मग आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो वगैरे, मग प्रत्येक मुलाची टेस्ट घेऊन ते बघून शिकणारं आहे, ऐकून शिकणारं की हाताने करून शिकणारं हे अ‍ॅप ठरवणार आणि त्याला त्याच पद्धतीचे धडे दाखवणार. वर आणखी डोक्याला लावायचा एक पट्टा, तो लावला की कुठलं मूल किती एकाग्र आहे ते बाईंना स्क्रीनवर लाल-हिरव्या दिव्यांत दिसणार! स्टाफरूममधले निम्मे लोक गार. आता मुख्याध्यापकांनी सगळ्या विषय शिक्षकांकडून लेखी मत मागितलंय.

माझी अडचण वेगळीच आहे. मुलं व्हिडिओ बघतात, माना डोलावतात, "बाई कळलं" म्हणतात आणि पंधरा दिवसांनी तेच जरा फिरवून विचारलं की वर्ग चिडीचूप. पचनसंस्थेचं इतकं सुंदर अ‍ॅनिमेशन दाखवलं, सगळ्यांना लहान आतड्याचं नाव पाठ, पण "आतड्याची आतली बाजू गुळगुळीत असती तर काय बिघडलं असतं?" एवढं विचारलं तर कुणालाच उत्तर सुचेना. म्हणजे बघितलेलं गेलं कुठे? मेंदूविज्ञानात याचं काही उत्तर आहे का, आणि असलं तर त्यासाठी पॅनेल, टॅब, पट्टा यातलं नक्की काय लागतं? ज्यांनी वापरलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया लिहा.

---

आठवण_विस्मरण

बाई, आधी डेमोतला कचरा बाजूला काढू. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, स्मरणशक्ती हा आवडीचा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

१० टक्केवालं तर सरळ थाप आहे. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास आणि ऊर्जा खातो साधारण २० टक्के, एवढा खर्चिक अवयव रिकामा ठेवणं शरीराला परवडणारच नाही. डावा-उजवा यात थोडं तथ्य आहे, बहुतेकांची भाषेची बरीच कामं डाव्या अर्धगोलात होतात, पण त्यावरून "हे पोरगं उजव्या मेंदूचं" असं काही निघत नाही. २०१३ साली हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले गेले, त्यात सबंध मेंदू एकाच बाजूकडे झुकलाय अशी माणसं काही सापडली नाहीत.

आता लर्निंग स्टाइल, म्हणजे ते बघून, ऐकून की करून शिकणारं मूल. हे सगळ्यात चिवट आहे कारण ऐकायला छान वाटतं. हे सिद्ध करायचं तर काय करावं लागेल बघा, बघून शिकणारी आणि ऐकून शिकणारी असे मुलांचे दोन गट करायचे, प्रत्येक गटातल्या अर्ध्यांना चित्रांनी आणि अर्ध्यांना ऐकवून शिकवायचं, आणि शेवटी परीक्षा सगळ्यांची एकच. ज्याला त्याच्या स्टाइलने शिकवलं त्याला जास्त आलं तर मानू. पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्यॉर्क यांनी २००८ मध्ये सगळं संशोधन चाळून बघितलं तर असा नीट प्रयोग फार थोड्यांनी केलेला, आणि ज्यांनी केला त्यातल्या बऱ्याच जणांना उलटाच निकाल मिळालेला. मुलांना आवडीनिवडी असतात, नाही कुठे म्हणतोय, पण नकाशा सगळ्यांनाच बघून कळतो आणि उच्चार सगळ्यांनाच ऐकून, ते मुलावर नाही तर विषयावर ठरतं. तरी तुमच्या स्टाफरूमला हसू नका, २०१२ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांना विचारलं होतं तेव्हा ९० टक्क्यांहून जास्त जणांचा यावर विश्वास होता.

आणि मेंदूचं चित्र पहिल्या स्लाइडवर का असतं माहितीये? २००८ मध्येच वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग केला. मनाच्या एखाद्या गोष्टीची चुकीची कारणं लोकांना वाचायला दिली, काहींमध्ये "मेंदूच्या स्कॅनवरून असं दिसतं की" छापाचं एक असंबद्ध वाक्य घुसवलेलं. सामान्य माणसांना आणि मेंदूविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ती वाईट कारणं त्या एका वाक्याने जास्त पटली. तज्ज्ञांना नाही पटली. डेमो देणाऱ्याने तो पेपर वाचलेला नसेलही, पण धंद्याचं गमक त्याला बरोबर कळलंय.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, बघितलेलं जातं कुठे. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग यावर अगदी चपखल बसतो. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, काहींनी ते दोनदा वाचले, काहींनी एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर पारडं फिरलं, वाचणारे ४२ वर आणि आठवून लिहिणारे ५६ वर! म्हणजे तुमचा वर्ग "कळलं" म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो, त्या क्षणी ते खरंच डोक्यात असतं. फक्त ते डोक्यातून बाहेर काढायचा सराव कधी झालेलाच नसतो, आणि टिकतं ते त्या बाहेर काढण्याने.

तेव्हा पॅनेल असो, टॅब असो की साधा फळा, एकच बघायचं, ते वापरताना आठवायचं आणि विचार करायचं काम कोण करतंय? मूल करत असेल तर ठीक. यंत्र करत असेल किंवा (राग मानू नका) बाईच करत असतील, तर मूल फक्त प्रेक्षक.

---

गणित_मास्तर

वरच्या प्रतिसादाला +१. दुसऱ्याने मारलेल्या जोरांनी आपले दंड फुगत नाहीत, व्हिडिओचं तसंच आहे.

माझ्या वर्गात यंत्र बिंत काही नाही, तरी सांगतो. तास सुरू झाला की पहिली पाच मिनिटं वह्या-पुस्तकं बंद. फळ्यावर तीन प्रश्न असतात, एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला आणि एक महिन्याभरापूर्वीचा, जो त्यांना वाटत असतं की आता संपला. प्रत्येकाकडे छोटा व्हाइटबोर्ड, त्यावर उत्तर लिहायचं आणि मी "वर" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वर करायचं. हे एकदम वर करणं महत्त्वाचं आहे, नाहीतर हुशार पाच पोरं बोलतात आणि बाकीची त्यांच्या उत्तराला मान हलवतात. चाळीस बोर्ड एका नजरेत दिसतात आणि लगेच कळतं की अर्ध्या वर्गाने अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचीही बेरीज करून टाकलीय. यासाठी डोक्याला पट्टा कशाला लागतो बुवा.

दुसरं म्हणजे सरावाची उदाहरणं मिसळा. पुस्तकात एका धड्याखाली एकाच जातीची वीस गणितं असतात, तिसऱ्या गणितानंतर पोरगं विचारच करत नाही, पद्धत माहीतच असते, नुसते आकडे भरायचे. रोरर आणि मंडळींनी २०१५ मध्ये सातवीच्या मुलांवर हे करून बघितलं. उजळणी झाल्यावर एक दिवसाने परीक्षा घेतली तर मिसळून सराव केलेल्यांना ८० टक्के, एकगठ्ठा केलेल्यांना ६४. महिन्याने घेतली तर ७४ आणि ४२. हा फरक बघा! परीक्षेत तर गणित कुठल्या जातीचं हे ओळखणं हेच अर्धं काम असतं, आणि नेमका त्याचाच सराव आपण देत नाही.

एक इशारा मात्र देतो. हे सगळं समजून झाल्यावर. पोराला काहीच येत नसताना "आठव, शोध" म्हणून सोडून दिलं तर ते फक्त गोंधळतं. नवीन प्रकार असेल तर आधी सोडवलेली दोन-तीन उदाहरणं पायरीपायरीने दाखवायची, मग अर्धवट सोडवलेली, मग पूर्ण त्याने. चालू विचारासाठी डोक्यात जागा फार थोडी असते, एका वेळी सात गोष्टी मावतात असं मानसशास्त्रज्ञ मिलरने १९५६ मध्ये म्हटलं होतं, पुढे कोवनने २००१ मध्ये ते चारच्या आसपास आणलं. स्वेलर नावाच्या गृहस्थांनी ऐंशीच्या दशकात यावरच सगळी थिअरी उभी केली. त्या चार जागांपैकी दोन जर अ‍ॅपचं बटण कुठे आहे ते शोधण्यात गेल्या तर गणिताला उरतं काय?

थोडक्यात, घेऊ नका काही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने २०१५ मध्ये देशादेशांचा अभ्यास केला होता, शाळांत कॉम्प्युटरवर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित, विज्ञानात म्हणावी अशी सुधारणा दिसली नाही.

---

कोडवाली

मास्तर, "घेऊ नका काही" जरा जास्तच झालं. मी शिक्षणाची अ‍ॅप्स बनवणाऱ्या टीममध्ये काम केलंय त्यामुळे आतून सांगते. एक गोष्ट आहे जी माणसापेक्षा यंत्र खरंच चांगली करतं, ती म्हणजे कुणाला कधी काय पुन्हा विचारायचं याचा हिशेब ठेवणं.

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला, सुरुवातीला झपकन विसरतो मग हळूहळू. त्यावरून पुढे आलं की उजळणी सलग करण्यापेक्षा अंतर ठेवून केली तर जास्त टिकते. अंतर किती ठेवायचं तर ते किती दिवस टिकवायचंय त्यावर. सेपेडा आणि सहकाऱ्यांचा २००८ चा मोठा प्रयोग आहे, त्यातून असं दिसलं की आठवड्याभराने लागणार असेल तर एक-दोन दिवसांचं अंतर बरं, आणि वर्षभर टिकवायचं असेल तर काही आठवड्यांचं. लाइटनर नावाच्या जर्मन माणसाने १९७० च्या दशकात हे पुठ्ठ्याच्या खोक्यांनी जमवलं होतं, आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलेलं परत पहिल्या खोक्यात. मग हाच हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअर आली, १९८७ मध्ये सुपरमेमो, २००६ मध्ये आंकी, आंकी कॉम्प्युटरवर तर फुकट मिळतं. आता एका वर्गात चाळीस मुलं, प्रत्येकाचे शंभरेक प्रश्न, कुणाचं काय कधी विसरायला आलंय हे मास्तर वहीत कसं ठेवणार? इथे टॅबचा उपयोग आहे, आणि रोज दहा मिनिटं पुरतात.

पण विकली जाणारी बहुतेक अ‍ॅप्स हे करतच नाहीत. बाई, पुढच्या मीटिंगला जाल तेव्हा त्यांचा डेमो बघू नका, मुलाचं लॉगिन मागा आणि स्वतः वापरा. मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. मग बघा, तो प्रश्न परत कधी येतो? लगेच पुढच्या स्क्रीनवर येत असेल तर ते आठवणं नव्हे, नुसतं परत टाइप करणं झालं. परत येतच नसेल तर विषयच संपला. चुकलं तर का चुकलं ते सांगतं की नुसती लाल फुली? उत्तर लिहायला लावतं की चारातलं एक निवडायला? चार पर्याय वाईटच असं नाही, पण चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या गैरसमजांवरून काढलेले असायला हवेत, उगाच भरतीचे नकोत. आणि शिक्षकाच्या डॅशबोर्डवर पहिला आकडा कशाचा आहे ते बघा. "मुलाने घालवलेला वेळ" असेल तर समजून जा, तो आकडा सेल्सवाल्यांसाठी आहे. मला आम्ही काय मोजायचो ते चांगलं आठवतंय, मुलं दुसऱ्या दिवशी परत आली का. शिकली का हे नंतर, जमलं तर.

बक्षीस म्हणून स्क्रीनवर येणारी नाणी आणि फटाके पण बघा. "डोपामिन वाढतं" म्हणून सांगतील. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा शिकण्याशी संबंध आहेच, पण मेंदूशास्त्रज्ञ शुल्ट्झने माकडांवर केलेले प्रयोग बघितले तर डोपामिन सोडणाऱ्या मेंदूपेशी अपेक्षेपेक्षा वेगळं काही घडलं की जोरात उठतात, ठरल्याप्रमाणे मिळणाऱ्या बक्षिसाला फारशा उठत नाहीत. प्रत्येक टॅपला नाणं म्हणजे थोड्या दिवसांत त्याचं कुणाला काही वाटत नाही.

---

रिसोर्स_रूम

मी विशेष शिक्षिका आहे. धाग्यात सगळे सरसकट बोलताय म्हणून एक वेगळी बाजू मांडते.

ज्या मुलांना वाचायला अवघड जातं त्यांच्या बाबतीत मेंदूविज्ञानाने खरंच काहीतरी हातात दिलंय. मेंदूशास्त्रज्ञ देहान वगैरेंच्या कामातून हे स्पष्ट झालं की वाचनासाठी मेंदूत जन्मतः वेगळी जागा नसते, डाव्या बाजूला मागे-खाली एक छोटा भाग आहे तो वाचायला शिकताना अक्षरं ओळखायला तयार होतो आणि आवाजाच्या, भाषेच्या भागांशी जोडला जातो. डिस्लेक्सियात बहुतेक वेळा अडचण डोळ्यांत नसते, अक्षर आणि आवाज यांची सांगड घालण्यात असते. म्हणून रंगीत चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यापेक्षा अक्षर-आवाज पद्धतशीर शिकवण्याचा उपयोग होतो. "आळशी आहे" हा शिक्का पुसायला तर हे फारच कामाला येतं.

आणि तंत्रज्ञानाचं म्हणाल तर माझ्याकडे आठवीतलं एक मूल आहे, त्याला विज्ञान उत्तम कळतं पण परिच्छेद वाचेपर्यंत दम संपतो. टॅब त्याला धडा वाचून दाखवतो, ते बोलून उत्तर देतं, टॅब लिहून घेतो. इथे यंत्र काम "करून देतंय" खरं, पण कुठलं काम? वाचनाचं. विज्ञानाचा विचार ते मूलच करतंय. तेव्हा वरच्या कसोटीत एवढी भर घाला की आज कुठलं काम शिकवायचंय तेही आधी ठरवा. वाचन शिकवायच्या तासाला मी तोच टॅब बंद करते.

---

झोप_उडालेली_आई

सगळं वाचतेय, छान चर्चा. शिक्षिका नाही, पण घरी नववीतली मुलगी आहे म्हणून विचारते. एक तर शाळेतून सगळा होमवर्क स्क्रीनवर येतो आणि रात्री अकरापर्यंत ती त्यातच असते. दुसरं म्हणजे हल्ली ती एआयला विचारून उत्तरं लिहिते, म्हणते "मी समजून घेते मग लिहिते", वही बघितली तर अगदी टापटीप, पण युनिट टेस्टला मार्क पडतात. आणि ते हाताने लिहिलं की जास्त लक्षात राहतं हे खरं की नुसतं आपल्या पिढीचं म्हणणं?

---

आठवण_विस्मरण

ताई, एआयवर सगळ्यात थेट पुरावा तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमधला आहे, जवळजवळ हजार मुलं, विषय गणित, शोधनिबंध २०२५ मध्ये छापून आला. एका गटाला सराव करताना नेहमीसारखा चॅटबॉट दिला, दुसऱ्या गटाला असा चॅटबॉट की जो उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेले इशारेच देईल, आणि तिसऱ्याला फक्त पुस्तक-वही. सरावात चॅटबॉटवाले ४८ टक्क्यांनी पुढे, इशारेवाले तर १२७ टक्क्यांनी. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर साधा चॅटबॉट वापरलेली मुलं ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे. इशारेवाल्यांचं हे नुकसान बरंचसं टळलं, पण परीक्षेत तीही पुस्तकवाल्यांच्या पुढे गेली नाहीत बरं का. तुमच्या मुलीची टापटीप वही आणि पडलेले मार्क, चित्र तेच आहे. ती "समजून घेते" म्हणते तेव्हा मनापासूनच म्हणत असणार, ते बाईंच्या वर्गातल्या "बाई कळलं"चंच भावंड. तिला सांगून बघा, आधी स्वतः लिही, अडलीस तिथे खूण कर, मग फक्त त्या खुणेबद्दल विचार, आणि सगळं झाल्यावर स्क्रीन मिटून एकदा कोऱ्या कागदावर. वाद होईल, पण करून बघण्यासारखं आहे.

हाताने लिहिण्याबद्दल. २०१४ मध्ये म्युलर आणि ओपनहाइमर यांचा एक पेपर खूप गाजला, लॅपटॉपवर नोट्स घेणारे शब्दन् शब्द उतरवतात आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडतात असा. पण पुढे इतरांनी तोच प्रयोग परत केला तेव्हा परीक्षेतला तो फरक तितका ठामपणे आला नाही. म्हणून मी "हाताने लिहिलंच पाहिजे" असं छातीठोक सांगणार नाही. लॅपटॉपचा खरा त्रास वेगळा आहे, त्यावर बाकीचं पण उघडं असतं. २०१३ मध्ये साना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लेक्चरमध्ये लॅपटॉपवर इकडचं तिकडचं करणाऱ्याचे मार्क तर जातातच, पण त्याची स्क्रीन ज्यांना दिसते त्या मागे बसलेल्यांचेही जातात.

आणि रात्री अकरा! याबद्दल शाळेशी बोलाच. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं. विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित मेंदूच्या भागात, बघितलं की जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र पेटल्या त्याच झोपेत पुन्हा एकत्र पेटत होत्या, जणू वाट परत गिरवत होत्या. माणसांवरही झोप आणि आठवण यावर ढीगभर काम झालंय. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे लिहायचं आणि सेव्ह न करता बंद करायचं.

रिसोर्स रूम मॅडम, तुमची दुरुस्ती एकदम मान्य. आणि एक राहिलंच, डोक्याचा पट्टा. मेंदूतून कवटीबाहेर येणारे विद्युत इशारे फार क्षीण असतात, मायक्रोव्होल्टमध्ये. पापणी मिटली, कपाळाला आठी पडली तरी त्याहून मोठा गोंधळ उठतो. चळवळ्या पोरांच्या वर्गात कपाळाला टेकलेल्या दोन-तीन सेन्सरवरून "एकाग्रता" मोजणं म्हणजे धाडसच. समजा मोजली, तरी ते मूल कशावर एकाग्र आहे ते कसं कळणार, खिडकीबाहेरच्या मॅचवर असेल तर? २०१९ मध्ये चीनमधल्या एका प्राथमिक शाळेत असे पट्टे लावलेले फोटो बाहेर आले तेव्हा इतका आरडाओरडा झाला की ते थांबवावे लागले. मुलांच्या मेंदूचा डेटा कंपनीकडे जाणार हा मुद्दा तर वेगळाच, तो लेखी मतात पहिला टाका.

---

विज्ञानाची_तासिका

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल परत मीटिंग झाली. कोडवाली, तुमचं ऐकून मी मुलाचं लॉगिन मागितलं. आधी ते "मॅडम तुम्ही शिक्षकाचं बघा ना" करत होते, मग दिलं. मी आणि आमच्या भूगोलाच्या बाई शेजारी शेजारी बसलो आणि प्रश्न न वाचता नुसती बोटं मारत गेलो. चुकलं की पर्याय करडा व्हायचा, उरलेल्यातला दाबायचा, शेवटी एकच राहतो तो हिरवा, फटाके, "वा, जिंकलास!" आणि तीन तारे. धडा पूर्ण. डॅशबोर्डवर आम्ही दोघी "प्रावीण्य" मध्ये! भूगोलाच्या बाईंना हसू आवरेना. मुख्याध्यापक मागेच उभे होते ते बरं झालं. चुकलेले प्रश्न परत कधी येतात विचारलं तर "ते पुढच्या अपडेटमध्ये".

लेखी मत असं देतेय: पट्टा नको, लर्निंग स्टाइलची टेस्ट नको, अ‍ॅप आत्ता नको. पॅनेलला मी सरसकट नाही म्हणत नाहीये, कारण मला एक उपयोग दिसतो. विद्युत परिपथाचं सिम्युलेशन. खऱ्या तारा-बल्ब आम्ही करतोच, पण इलेक्ट्रॉन काही दिसत नाहीत. मात्र दाखवायच्या आधी थांबायचं, "दुसरा बल्ब ओळीत जोडला तर पहिल्याचं काय होईल?" सगळ्यांनी आधी बोर्डवर लिहायचं, शेजाऱ्याला पटवायचं, परत लिहायचं, मग बटण दाबायचं. हे हार्वर्डच्या एरिक मझूर यांच्या पद्धतीवरून घेतलंय, ते १९९१ पासून फिजिक्स असं शिकवतात. नुसतं सांगितलं तर अर्ध्या मुलांना अजूनही वाटतं की पहिला बल्ब करंट "खाऊन टाकतो" आणि दुसऱ्याला कमी मिळतो. स्वतः लिहिलेलं चुकलं की चेहरे बघण्यासारखे होतात, आणि मग स्पष्टीकरण ऐकायची खरी भूक असते.

अ‍ॅनिमेशनचा आवाज पण बंद ठेवून मी स्वतःच बोलणार आहे. त्यात पडद्यावर वाक्यं, तीच वाक्यं कोणीतरी वाचतंय, मागे संगीत आणि कोपऱ्यात नाचणारा पेशीचा कार्टून. मानसशास्त्रज्ञ मेयर यांचं मल्टिमीडियावरचं काम वाचायला घेतलं तर नेमकं हेच नका करू म्हणतात, चित्र आणि बोलणं पुरतं, वर तोच मजकूर आणि सजावट घातली की शिकणं कमी होतं.

एक शंका उरली. मास्तर, ती पहिल्या पाच मिनिटांची टेस्ट, तिचे मार्क धरता का? आमच्याकडे लगेच विचारतील, मार्क नाहीत तर मुलं करतील कशाला, आणि काही मुलं टेस्ट म्हटलं की आधीच घाबरतात.

---

गणित_मास्तर

नाही, अजिबात धरत नाही, वहीत नोंदच नाही. मार्क आले की पोरं शेजाऱ्याच्या बोर्डावर बघतात, मग मला खोटं चित्र मिळतं आणि त्यांनाही आठवायचा सराव होत नाही. टेस्ट हा शब्दच वापरू नका, मी "काय आठवतंय" म्हणतो. उत्तर त्याच मिनिटाला फळ्यावर येतं, ज्याने त्याने आपलं पुसून दुरुस्त करायचं.

घाबरणाऱ्यांसाठी पहिला प्रश्न मुद्दाम सोपा ठेवतो, कालचाच. सुरुवातीला पोरं कुरकुरतील हे धरून चाला, त्यांना वाटतं आपल्याला काहीच येत नाही. हार्वर्डमध्ये २०१९ ला फिजिक्सच्या मुलांवर बघितलं होतं, स्वतः डोकं चालवायला लावलेल्या वर्गात ती जास्त शिकली पण त्यांना वाटलं मात्र उलटंच, की छान गुळगुळीत लेक्चरमध्ये जास्त कळलं. तेव्हा पालकसभेत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "बाई शिकवतच नाहीत, नुसतं विचारतात" अशी तक्रार येणार.

बोर्ड नसतील तर जाड पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवून चालतं. मार्कर मात्र पुसता येणारेच घ्या, कायमचे आले तर पहिल्याच दिवशी कार्यक्रम आटोपतो.

आणि मुख्याध्यापक काय म्हणाले ते इथे नक्की कळवा.